प्रतिसाद : पाय का सरकतात?

लिओनार्दो दा विंचीच्या नावाने ओळखला जाणारा, काठ्या एकमेकींत अडकवून केलेला कमानी पूल न खिळे, न दोरी, न गोंद वापरता उभा राहतो, पण हात ठेवला की दोन्ही टोकं फाकतात, असं ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे त्यात लिहिलंय. त्यात जोडणीचा दोष नसावा. कमानीवर वजन आलं की ती खाली दाबते तशी बाहेरही ढकलते. गुळगुळीत फरशीवर हा रेटा अडवायला काहीच नसतं. दोन्ही बाजूंना विटा लावा किंवा खाली रबरी मॅट घाला, मग बघा.

दुसरं, गोल काठ्या टाळा. आडव्या काठ्या गोल असल्या की गडगडतात. सुताराकडून चौकोनी रिपा आणा. आडवी रीप जितकी जाड, तितकी कमान उंच. खाच पाडली तर पकड वाढते, पण जाडी घटल्यासारखं होऊन कमान बसकी होते. (मुलांना आधी खाच न पाडताच करू द्या. घर्षण काय काम करतं ते तेव्हाच कळतं.) प्रत्येक लांब रीप एका आडव्या रिपेच्या वरून आणि दुसरीच्या खालून जाते, त्यामुळे वरचा भार सगळ्यांना आवळतो. मधून वर उचललंत तर मात्र सगळं सुटतं.

लिओनार्दोने १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला लिहिलेल्या पत्रात हलक्या, मजबूत, सहज वाहून नेता येणाऱ्या पुलांचा दावा आहे. पण तो हाच पूल, असं त्यात कुठे नाही. लाकडं अशी विणून कमान करणं चीनमध्ये त्याच्या कितीतरी आधीचं. चिनी चित्रकार झांग झेदुआनच्या बाराव्या शतकातल्या चित्रात तसा पूल स्पष्ट दिसतो.