पहिलीच्या मुलांना पृथ्वी शिकवायची : सुरुवात कुठून करावी?

पहिलीच्या_बाई (कोल्हापूर)
वर्गात २४ मुलं. चार शनिवार, सकाळची शाळा, दर वेळी पाऊण तास. दिवस-रात्र, पाऊस-नदी आणि जमिनीच्या पोटात काय आहे, एवढंच घ्यायचंय. हाताशी ३० सेंमीचा पृथ्वीगोल, अंगण आणि अंधार करता येईल अशी एक खोली आहे. गोल दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला : "खालची माणसं पडत कशी नाहीत?" पहिल्या दिवशी काय घ्यावं, काय टाळावं?

ओळंबा
पहिल्या शनिवारी गोल कपाटातच राहू दे, ताई. अंगणात ३० सेंमीची काठी कुंडीत रोवा, दोऱ्याला नट बांधून ती सरळ उभी आहे का बघा. काठी कलली की सगळ्या खुणा चुकतात. सावलीच्या टोकाला खडूने खूण, दर १० मिनिटांनी एक. साडेआठला सुरू केलं तर पाऊण तासात टोक जवळजवळ वीतभर सरकतं, मुलांना डोळ्यांदेखत दिसतं. लांब काठी घेऊ नका, टोक धूसर होतं. मुलं "सूर्य सरकला" म्हणतील. त्या दिवशी म्हणू द्या.

दुसऱ्या शनिवारी अंधाऱ्या खोलीत टेबलावर उघडा ९ वॅटचा बल्ब, एक-दीड मीटरवर गोल. टॉर्च नको, तिचा झोत गोलाच्या मधल्याच भागावर पडतो. कोल्हापूरवर टिकली चिकटवा आणि गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवा. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. इथे हमखास गडबड होते : मूल हौसेने उलटा फिरवतं आणि सूर्य पश्चिमेला उगवतो. रात्रीची बाजू काळी दिसत नसेल तर मागची पांढरी भिंत उजेड परत फेकत असते. काळी चादर टांगा.

पडण्याच्या प्रश्नाला कागदाच्या चार बाहुल्या पुरतात. गोलावर चार बाजूंना, पाय गोलाकडे करून चिकटवा. प्रत्येकीच्या हातातला चेंडू कुठे पडेल ते बोटाने दाखवायला सांगा. सगळी बोटं गोलाच्या मध्याकडे जातात. 'खाली' म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे, इतकंच.

ऋतू मात्र पहिलीत घेऊ नका. "हिवाळ्यात सूर्य लांब जातो" हे एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. खरं तर पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला.

जांभा_दगड
नदीसाठी चार्टपेक्षा ट्रे घ्या. साधारण ६० सेंमी लांबीचा प्लास्टिक ट्रे, एका टोकाला भोक. तळाशी ४-५ सेंमी थर : दोन भाग बारीक वाळू, एक भाग माती. नुसती काळी माती नको, ती चिकट होऊन बसते आणि पाणी तिला कापत नाही. वरचं टोक ३-४ सेंमीच उचला. अख्खी वीट उभी लावली तर पहिल्या तांब्यातच सगळा डोंगर वाहून खाली येतो. पाऊस पाडायला तळाला खिळ्याने भोकं पाडलेला डबा.

बोटाने पाच ओघळ काढून एकात मिळवा : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. झाली पंचगंगा. मग भोकाच्या तोंडाशी हात आडवा धरा. पाणी मागे तुंबून काठावरची काड्यापेटीची घरं बुडवतं. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते; कृष्णा भरून वाहत असली की तिथे पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही, तोच हा फुगवटा. ट्रेला एक पट्टी उभी चिकटवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे आपल्या पोरांनी घरी ऐकलेलेच असतात. पट्टीवर त्याच दोन रेघा मारल्या की वर्ग आपोआप गप्प होऊन बघतो.

आणि एक प्रश्न जरूर टाका : हे पाणी कुठल्या समुद्रात जाईल? अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभरेक किलोमीटर, तरी जातं बंगालच्या उपसागरात, कारण मध्ये सह्याद्री आडवा आहे आणि उतार पूर्वेला.

पहिलीच्या_बाई
ट्रेचं पटलं, करते. पृथ्वीच्या पोटासाठी उकडलेलं अंडं चालेल का? आणि पाऊस कसा दाखवायचा?

ओळंबा
पावसाला काचेची बरणी, त्यात चार बोटं कोमट पाणी, वर बर्फाची ताटली. पाच-सात मिनिटांत ताटलीखाली थेंब धरतात. पाण्यात निळा रंग घाला, नाहीतर मुलांना वाटतं बर्फच गळतोय. थेंब बिनरंगी निघाले की "रंग खालीच का राहिला?" हा प्रश्न तीच विचारतात. उकळतं पाणी नको, काच तडकते.

जांभा_दगड
अंडं कवचापुरतं ठीक, भेगा छान दिसतात. पण बलक म्हणजे लाव्हा असं मुलं धरून बसतात, तिथे घोटाळा. मधलं जाड प्रावरण घनच आहे, खडकाचं. द्रव आहे तो बाह्य गाभा, आणि अगदी आतला गाभा पुन्हा घन. त्यापेक्षा कणकेचा गोळा करा, १ मिलिमीटर म्हणजे २०० किलोमीटर. आत १.२ सेंमी व्यासाची हळदीची गोळी, त्यावर बिटाच्या रसातली कणीक लावून ३.५ सेंमी, त्यावर पांढरी लावून ६.४ सेंमी. कवच या मापात कागदाएवढंच पातळ, म्हणून गोळा फक्त कोरड्या मातीत लोळवायचा. कणीक पुरीसारखी घट्ट हवी, आणि कापायचं दोऱ्याने. सुरीने रंग फासले जातात.

महाद्वार_रोड
थोडं अवांतर. सूर्य मावळायची जागा सरकते, हे मोठ्या मुलांना सांगायला अंबाबाईच्या किरणोत्सवासारखं उदाहरण नाही; त्या दिवसांत मावळतीची किरणं देवळात थेट मूर्तीपर्यंत येतात. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. २२ डिसेंबरला सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे चाळीसेक दिवस. सूर्य दक्षिणेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा त्याच जागी मावळतो. पहिलीला एवढं नको, पण वर्गाच्या खिडकीवर महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, उन्हाच्या कडेला खडूची रेघ मारायला आतापासून लावा. मे महिन्यात सुट्टी असली तरी ६ तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराला तांब्या उन्हात ठेवायला सांगा : सूर्य बरोबर डोक्यावर, म्हणून सावली बुडाखालीच. ऑगस्टमध्ये पुन्हा तसा दिवस येतो, पण आभाळ कुठलं मोकळं सापडायला.