स्ट्रॅटेजी गेमला आरपीजी कधी म्हणायचं?

चौकटीतला_वजीर
टर्न-बेस्ड गेमची यादी लावतोय. ‘स्ट्रॅटेजी’ आणि ‘आरपीजी’ (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्रं घडवत खेळायचा) असे दोन विभाग केलेत, पण एका जोडीपाशी गाडं अडलंय. ॲडव्हान्स वॉर्स (२००१) आणि फायर एम्ब्लेम, दोन्ही इंटेलिजंट सिस्टिम्सचे. दोन्हीत चौकटींचा नकाशा, आळीपाळीने चाली, जंगलात उभं राहिलं की जास्त बचाव. तरी पहिला स्ट्रॅटेजी आणि दुसरा आरपीजी! लेव्हल असली की आरपीजी म्हणावं, तर वॉरक्राफ्ट ३ मध्येही हिरोला लेव्हल आहेच. मग कसोटी नेमकी कोणती?

सहाकोनी
मिशन संपल्यावर पुढच्या मिशनमध्ये काय सोबत येतं ते बघा.

ॲडव्हान्स वॉर्समध्ये पायदळाचं युनिट १००० ला, रणगाडा ७००० ला. कारखान्यातून काढा, शत्रूवर सोडा, मेला तर दुसरा काढा. पुढच्या नकाशावर सगळं नव्याने. २००८ च्या डेज ऑफ रुइनमध्ये तर युनिटला शत्रू मारून बढतीही मिळते, पण ती त्या नकाशापुरतीच. म्हणून नुसत्या लेव्हलने काही ठरत नाही.

फायर एम्ब्लेममध्ये प्रत्येक जण नावागावाचा. १०० अनुभव-गुण झाले की एक लेव्हल, आणि त्या वेळी ताकद, वेग, बचाव यातलं काय वाढेल ते त्या पात्राच्या ठरलेल्या टक्क्यांवर. मेला तर कायमचा गेला (नव्या भागांत ही अट बंद करता येते, तो भाग वेगळा).

आता इथे चूक कशी होते ते बघा. २००३ च्या भागात मार्कस सुरुवातीपासूनच बढती मिळालेला (म्हणजे वरच्या वर्गात गेलेला) घोडेस्वार आहे. नवखा खेळाडू सगळे शत्रू त्याच्याच हातून मारतो. पण गुण लेव्हलच्या फरकावर मिळत असल्याने मार्कसच्या पदरी फार थोडे पडतात आणि बाकीचे उपाशी राहतात. दहा प्रकरणं आरामात जातात, मग एकदम दम लागतो. त्याला शत्रू अर्धमेला करायला वापरा, शेवटचा घाव कच्च्या पोराला द्या. तसंच बढतीचं: दहाव्या लेव्हलपासून देता येते, कमाल लेव्हल २०. दहालाच दिली तर लेव्हल परत १ होते आणि उरलेल्या दहा वाढी हातच्या जातात.

ॲडव्हान्स वॉर्समध्ये ही चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. तिथली चूक त्या नकाशावरच फिटते. माझ्या मते खरा फरक हाच.

शमनला_वाचवा
सहाकोनींशी सहमत. बॅटल फॉर वेसनॉथ हा टर्न-बेस्ड गेम फुकट मिळतो, त्यात हे आकड्यांत दिसतं. नुसत्या लढाईला शत्रूच्या लेव्हलइतका एक्सपी (अनुभव-गुण), मारलं तर लेव्हलच्या आठपट (लेव्हल ० चा असेल तर ४). म्हणजे लेव्हल २ चा शत्रू मारणं म्हणजे १६. नवा भालाईत १४ सोन्याला येतो. मागच्या मिशनमधला जुना सैनिक परत बोलवायला साधारण २०, मग तो लेव्हल १ असो की ३. त्यामुळे लेव्हल ३ चा सैनिक म्हणजे स्वस्तात सोनं, आणि नुकताच भरती झालेला परत बोलवणं बहुधा तोट्याचं. मात्र वर चढलेल्यांचा खर्च दर टर्नला लेव्हलइतका, गावं कमी असतील तर तिजोरी आटते. सगळे दिग्गजच घेऊन उतरलात तर पाचव्या-सहाव्या टर्नला नवी भरती करायला सोनं नसतं.

एल्व्हिश शमन ही जखमींना बरं करणारी सैनिक, पण तिचा वार दुबळा, म्हणून तिला मुद्दाम मरणासन्न शत्रू सोडावे लागतात. लेव्हल चढून ड्रुइड झाली की शेजारच्यांना ४ ऐवजी ८ आरोग्य देते. लेव्हल चढताना आरोग्य पूर्ण भरतं, तेव्हा ती जखमी असतानाच चढवणं फायद्याचं.

तिसरी_चाल
मला हे अर्धंच पटतं. नुसतं सोबत येणं पुरेसं नाही, कोण कसा घडेल हे खेळाडूच्या हातात हवं. एक्सकॉम (२०१२) घ्या, परग्रहवासीयांच्या हल्ल्याशी लढायचा गेम. पहिल्या बढतीला सैनिकाचा क्लास (लढण्याचा प्रकार) गेमच ठरवतो, पण पुढे बहुतेक पदांवर दोनपैकी एक कौशल्य तुम्ही निवडता. तरीही मोहिमांच्या वरचा, सगळ्या जगाचा डाव उपग्रह, निधी आणि देशांमधल्या घबराटीचाच. कर्नल झालेले चार जण एका मोहिमेत गमावले की नवख्यांना घेऊन तो वरचा डावही सावरत नाही. मी तो आरपीजीत टाकणार नाही; स्ट्रॅटेजीतच ठेवून ‘मिश्र’ अशी खूण करेन.

चौकटीतला_वजीर
मग हिरोज ३ (हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३) चं काय? हिरो वाढतो, सैन्य मात्र विकत घेतलेलं.

सहाकोनी
स्ट्रॅटेजी. हिरोला जास्तीत जास्त आठ कौशल्यं आणि बहुतेक वेळा दोनपैकी एक निवडायची सोय, इतपत आरपीजी. पण नकाशा जिंकतो तो आठवड्याला वाड्यात किती सैन्य तयार होतं त्यावर. वॉरक्राफ्ट ३ (२००२) मध्ये एकाच गेमचे दोन निकाल लागतात: कॅम्पेनमध्ये (कथेच्या सलग मिशनमध्ये) हिरो आपली लेव्हल आणि सहा वस्तू पुढे नेतो, मल्टिप्लेअरमध्ये दर सामन्याला लेव्हल १ पासून. तो टर्न-बेस्ड नाही, पण यादीत घेतलात तर स्ट्रॅटेजी लिहा आणि कॅम्पेनपुढे खूण करा.

शमनला_वाचवा
वेसनॉथलाही तसंच करा. सुट्या सामन्यात परत बोलवायला कोणी नसतंच.