अनुभव धागा : भर उन्हाळ्यातली भूमध्य सागराकाठची डोंगरवाट

रानजाई : उष्णतेच्या लाटेमुळे ग्रीसच्या क्रीट बेटावरची समारिया घळ बंद ठेवल्याची बातमी वाचली आणि आमचा जुलै आठवला. घळीच्या वरच्या तोंडाशी, झायलोस्कालोला, साधारण १२३० मीटरवर पहाटे चक्क स्वेटर घातला होता. तिथून समुद्रापर्यंत १६ किमी, जवळजवळ सगळा उतारच. पाइनची सावली संपली की नदीच्या पात्रातले पांढरे गोटे. ऊन वरून लागतं तसंच खालूनही. शेवटाकडे पोर्टेस, दोन्ही अंगांना ३०० मीटरचे कातळ आणि मध्ये जेमतेम ४ मीटर वाट. तिथल्या गार वाऱ्यात नवरा खाली बसला तो उठायलाच तयार नाही! तुम्हीही लिहा.

गडवाट : उतारच माणसाला संपवतो. अंगठ्यांची नखं काळीनिळी. जाण्याआधी नखं कापा, बूट एक नंबर मोठा घ्या.

सईची आई : तिथली रानशेळी, क्री-क्री, दिसली का गं??

रानजाई : हो ना! जुन्या समारिया गावात, नळाखालच्या कुंडीत तोंड घालून पाणी पीत होती. मागे वळलेली शिंगं, हनुवटीवरून पाणी ठिबकतंय. आम्ही इतके जवळ, तरी हलली नाही. गाव मात्र रिकामं. १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि माणसांना उठवलं. दगडी घरं तेवढी उरलीत. फार वाईट वाटलं.

कोयनाकाठ : आमच्याकडे धरणात गाव गेलं. कळतं ते दुःख.

भटक्या७ : समारियात झरे तरी आहेत. फ्रान्समध्ये मार्सेयजवळच्या कालांकमध्ये, म्हणजे समुद्रकाठच्या कातळी खाड्यांमध्ये, वाटेत पाण्याचा थेंब नाही आणि चुनखडी पायांनी घासून गुळगुळीत झालेली. शिवाय वणव्याच्या धोक्यामुळे उन्हाळ्यात वाटा बंद होतात. आदल्या संध्याकाळी बघूनच निघा.

सह्यमित्र : कॉर्सिका बेटावरची जीआर २० ही लांब डोंगरवाट, १८० किमी, अर्धीच केली. दुपारी ढग गडगडायला लागले की धारेवर थांबायचं नाही. पहाटे पाचला चालायला लागायचं. बाकी सविस्तर रात्री लिहितो, मीटिंग आहे.

सईची आई : खायला काय नेलं होतं?

रानजाई : दशम्या, लसणाची चटणी. आणि मीठ-साखरेचं पाणी, ते हवंच.

मृण्मयी_के : सप्टेंबरात जातोय, सासूबाई ६८. गुडघा दुखतो, पण हौस दांडगी. झेपेल?

रानजाई : वरून अजिबात नको. घळ समुद्राला मिळते तिथल्या आया रूमेली गावाला गाडीरस्ता नाही, किनाऱ्यावरच्या सूया गावाहून बोटीने जा. तिथून घळीत शिरून पोर्टेस बघा आणि परत फिरा. चढ बेताचाच, पण गोटे आहेत, काठी हवीच. सकाळी लवकर निघा. सगळ्यात सुंदर भाग त्यांना नक्की बघायला मिळेल.

मृण्मयी_के : ताई, किती छान सांगितलंत! पण त्यांना एसटीसुद्धा लागते, बोटीचं काय?

गडवाट : आवळासुपारी. आणि उघड्या डेकवर बसवा.