मदत हवी आहे : बोटुलिनम टॉक्सिनचा गुण येईनासा झाला आहे
माझ्या आईला सर्व्हायकल डिस्टोनिया (मानेचे स्नायू आपोआप आखडण्याचा विकार) असून, मानेच्या स्नायूंत दर 12 आठवड्यांनी ओनाबोटुलिनम टॉक्सिन ए (स्नायू शिथिल करणारे, टाइप ए बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन) दिले जाते. पूर्वी उत्तम गुण येत असे, आता तो जवळजवळ जाणवत नाही. मात्रा वाढवून आणि ईएमजीच्या (स्नायूंतील विद्युत संकेत टिपणाऱ्या तपासणीच्या) साहाय्याने स्नायू पुन्हा निश्चित करूनही फरक पडलेला नाही. शरीरात या औषधाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार झाली आहेत का हे पाहण्यासाठी कपाळाच्या एकाच बाजूला इंजेक्शन देऊन तेथील स्नायू शिथिल होतो का, हे तपासावे असे न्यूरॉलॉजिस्ट सुचवतात. निरनिराळ्या उत्पादनांची युनिट्स परस्पर बदलता येत नाहीत, याची कल्पना आहे. तिला गिळताना आधीच त्रास होतो, म्हणून पर्याय असलेल्या टाइप बी या दुसऱ्या प्रकारच्या बोटुलिनम टॉक्सिनची फार धास्ती वाटते. कपाळाचा स्नायू शिथिल झाला, तर प्रतिपिंडांची शक्यता बाजूला ठेवून मानेतील खोल स्नायूंचाच शोध घ्यावा का?