अनुभव धागा: खारा वारा, जुन्या तबकड्या आणि खरा सूर

मृग लागायच्या आत हा धागा काढतो आहे. किनाऱ्यावर ज्यांच्याकडे तबकड्या, कॅसेटी, जुनी ध्वनिमुद्रणं आहेत त्यांनी लिहावं. आवडत्या अल्बमला नुसतं ‘अप्रतिम’ म्हणून सोडू नका. तो नीट कसा ऐकायचा, आपल्या हवेत त्याचं काय बिघडतं आणि का, हे हवं आहे. शास्त्रीय, नाट्यसंगीत, भजन, जॅझ, काहीही चालेल.

रत्नागिरी
आधी वेग तपासा, बाकीचं मग. तबकडी सहा टक्के जोरात फिरली की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा गवई पांढरी दोनला जातो. आवाज पातळ होतो, तान उगाच चपळ वाटते आणि ऐकणारा त्यालाच गायकी समजतो. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीसाठी १८० रेघांची स्ट्रोबची चकती लागते (ती तबकडीवर ठेवायची; वेग बरोबर असला की दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात), पण ती ५० हर्ट्‌झच्या विजेवरची हवी. अमेरिकेतून आलेल्या यंत्राबरोबर बहुधा २१६ रेघांची, ६० हर्ट्‌झची चकती असते. ती इथल्या दिव्याखाली धरून वेग लावला तर चक्क चुकीचा लागतो. ७८साठी ७७ रेघा. दिवा पिवळ्या बल्बचा किंवा निऑनचा घ्या. बऱ्याच एलईडींत रेघा स्थिर दिसतच नाहीत.

७८च्या जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ला कोरलेल्या नसत. नाट्यपदांत मात्र एक सोय आहे, साथीला ऑर्गन किंवा पेटी असते. षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकत असेल तर आधी वेगावर संशय घ्या. तरी हा पुरावा अर्धाच धरावा, कारण त्या काळच्या पेट्या आजच्या मापाने लावलेल्या असतीलच असं नाही. शेवटचा निर्णय आवाजाच्या जातीवरून आणि श्वास कुठे घेतलाय त्यावरून करायचा. दीनानाथ मंगेशकरांची नाट्यपदं दोन-तीन वेगांवर लागोपाठ लावून पाहा. योग्य वेगाला शब्दांतली व्यंजनं जागेवर बसतात, तेव्हा शंका उरत नाही.

फोंडा
वेगाचं निघालंच आहे म्हणून केसरबाई केरकरांचं सांगायला हवं. शास्त्रीय गायिका, गोव्यातल्या, इथून जवळच्या केरी गावच्या. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर या अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. त्याच तबकडीवर बाख आहे, चक बेरी आहे आणि ब्लाइंड विली जॉन्सनही. ती १६⅔ वेगाने वाजवायची आहे आणि एका फेऱ्याचे ३.६ सेकंद वेष्टनावर चित्रातून, हायड्रोजनच्या अणूच्या मापाने दाखवले आहेत. कोणी परका ऐकेल तर त्याला सूर खरा मिळावा, एवढी काळजी!

भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. पहिल्यांदा शब्दांकडे जाऊ नका. आवाज मंद्रापासून तारापर्यंत एकाच वजनाचा कसा राहतो ते ऐका. दुसऱ्यांदा फक्त समेकडे येणारी वाट ऐका.

मालवण
धुण्याबद्दल. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ७८ची तबकडी स्पिरिटने पुसणे. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एका फटक्यात चकाकी जाते आणि खरखर कायमची राहते. तिला फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचे दोन थेंब. तेही पटकन, आणि कागदी लेबल कोरडं ठेवून. एलपी, म्हणजे ३३⅓ची मोठी तबकडी, विनाइलची; तिला पाण्यात पाचव्या हिश्श्यापर्यंत आयसोप्रोपिल चालतं. विहिरीचं किंवा नळाचं पाणी मात्र दोन्हींना नको, सुकल्यावर क्षार खाचेत बसतात. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं. घेताना बाटलीवरचं नाव वाचा, शेजारीच ॲसिडच्या बाटल्या असतात. सुकवायचं सावलीत, उभं. अंगणात उन्हात ठेवलेली एलपी वाकते आणि वाकलेली सरळ करणं जवळपास अशक्य.

कागदाची आतली पिशवी ओल धरते, बुरशी तिथूनच सुरू होते. ती काढून साधी पॉलिथिनची घाला. जाड चकचकीत पीव्हीसीचं कव्हर टाळा, दमट उकाड्यात ते तबकडीला चिकटतं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. आत निळी सिलिका जेल ठेवावी; गुलाबी झाली की १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरायची. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली तर उत्तम, पण आषाढात साठाच्या खाली राहिली तरी मी समाधानी असतो.

गुहागर
कॅसेटीला बुरशी लागली की गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड दिसते. ती तशीच लावू नका, हेड (फीत वाचणारा भाग) भरतो आणि पुढच्या चार कॅसेटींनाही लागण होते. मोकळ्या हवेत, तोंडाला फडकं बांधून, मऊ कोरड्या ब्रशने पूड काढा. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा आणि त्यानंतरच ऐका. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ असते, ती आधी अडकते.

आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा असेल तर फितीला दोष देण्याआधी हेडशेजारचा तिरकेपणाचा स्क्रू बघा. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) लावा. शिवकुमार शर्मांच्या संतूरचा आघात टोकदार ऐकू येईपर्यंत स्क्रू केसाएवढा फिरवा. हरिप्रसादांच्या बासरीवरून हा फरक कळत नाही. तोच अल्बम मोबाइलवर ऐकणार असाल तर क्रम बदलू देऊ नका. अहिर भैरवपासून पहाडीपर्यंत तो मेंढपाळाचा एक अख्खा दिवस आहे.

अलिबाग
वेगाची चूक मोठ्या कंपन्यांकडूनही होते. जॅझचा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम १९५९चा. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना टेप करताना मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे तबकडीवर त्या साधारण पाव स्वर चढ्या आल्या. १९९२च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. त्याआधीच्या तबकडीबरोबर पेटीवर पांढरी दोन धरून पाहा, जुळणार नाही. गवयाचे कान असलेल्याने जॅझची सुरुवात इथूनच करावी. स्वरसप्तक स्थिर राहतं आणि त्यावर सावकाश बढत होते, त्यामुळे परकं वाटत नाही.

कुडाळ
डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी. भोंग्यासमोर मोबाइल धरलात तर पखवाजाची धूम मिळणारच नाही, भोंगा खालचा नाद काढूच शकत नाही. रेकॉर्डर बुवांच्या पेटीपासून सहा-सात फुटांवर, पखवाजाच्या कणीक लावलेल्या, खर्जाच्या बाजूला ठेवा. रेकॉर्डरची पातळी सुरुवातीच्या संथ रूपावलीला लावू नका. गजर द्रुतात गेला की झांजा सगळं फाडून टाकतात. कमाल उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढी जागा आधीच सोडा. पावसाळी हवेत चामडं सैल पडून पखवाज उतरतो आणि बारीच्या मध्येच पुन्हा लावावा लागतो. तेवढा भाग कापू नका. लावताना पखवाजी कुठला सूर धरतो ते शिकणाऱ्याला तिथेच कळतं.

देवगड
संगणकावर घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ. खरखर काढणारं सॉफ्टवेअर अगदी बेताने वापरा. किशोरीताईंच्या (आमोणकर) भूप रागावर ते एकदा जोरात चालवून बघा: खरखर जाते, आणि तानपुऱ्याची जवारीही, म्हणजे तारेचा तो झणकारही, जाते. मूळ फाइल कायम वेगळी ठेवा.