पॉइंट टू टू : एक राऊंड, एक बोल्ट (अनुभव धागा)

खारटाण
काल पहिल्या सरीनंतर शिलाई मशीनचं तेल काढलं आणि त्या वासाने थेट एनसीसीची पॉइंट टू टू (.22 ची सरावाची रायफल) समोर आली. म्हणून धागा. तिचं नंबर 2 मार्क 4 हे मॉडेल ज्यांनी हाताळलंय त्यांनी लिहा, दुसरी कुठली असली तरी चालेल.
ही मूळची .303 ची एसएमएलई, म्हणजे जुनी ली-एन्फिल्ड रायफल. नळी .22 ची, मॅगझिनची पेटी आहे पण आतून पोकळ. त्यात पुंगळ्या (उडालेल्या राऊंडची रिकामी नळकांडी) पडतात, राऊंड (काडतुसं) भरायचे नसतात! नवी पोरं हमखास तिथेच भरायला जातात. राऊंड हाताने एकेक चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या जागेत) सरकवायचा, बोल्ट (मागचा खिट्टा) पुढे, खाली. त्या खटाटोपात श्वास आपोआप जागेवर येतो. मॅगझिनवाल्या रायफलीत नेमकं हेच हुकतं.

कळवा_स्लो
ट्रिगरचं राहिलं. दोन टप्पे असतात. पहिला लांब आणि हलका, तो आधीच घेऊन थांबायचं. दुसरा जड, तो श्वास अर्धा सोडून हळू दाबायचा. आठ सेकंदांत सुटला नाही तर बोट काढा, श्वास घ्या, परत. ताणत बसलात की डोळा थकतो आणि फोरसाईट (नळीवरची पुढची माशी) धूसर दिसते. दोन्ही टप्पे एका झटक्यात ओढणाऱ्या पोराचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) बिघडतो, टार्गेट बघूनच कळतं.

माजोरडं_बोकं
आणि ग्रुप उभा पसरला तर श्वास, आडवा पसरला तर रायफल कलतेय किंवा कोपर सरकतंय. बाकी सगळं "साहेब, रायफलच वाकडी आहे" 😂

खारटाण
@बोकं 😂 पण वाकडी आहे का नाही ते गणिताने कळतं. 25 यार्ड म्हणजे 900 इंच. पुढच्या-मागच्या दोन साईट्समधलं अंतर साधारण 19.3 इंच. ग्रुप 1 इंच वर लागत असेल तर 19.3 भागिले 900, म्हणजे फोरसाईट सुमारे 0.021 इंच उंच हवी. वर लागतंय म्हणून फोरसाईटचं पातं घासू नका, घासलं की आणखी वर जाईल.

दिवा_मेगाब्लॉक
मिसफायरचं (ट्रिगर दाबला पण राऊंड उडला नाही) कोण सांगणार? गाडी थांबलीय तोवर लिहितो. नळी टार्गेटकडेच ठेवून 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. राऊंडच्या कडेवर फायरिंग पिनची खूण बघा, कारण रिमफायरमध्ये (.22 चे राऊंड याच जातीचे) बारूद पेटवणारा मसाला त्या कडेतच असतो. खूण खोल असेल तर त्या जागी मसाला पोचलेला नाही, राऊंडचा दोष. राऊंड अर्धा फिरवून पुन्हा मारला तर बऱ्याचदा उडतो. खूण उथळ असेल तर स्प्रिंग मेली, बोल्टमध्ये चिकट तेल, नाहीतर बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा. सफाईला चार रायफली एकत्र खोलल्या की हे होतंच. बोल्टच्या दांड्यावरचा नंबर जुळवा.
"फुस्स" आवाज आला तर मात्र पुढचा राऊंड अजिबात भरू नका. गोळी नळीत असू शकते, रॉड घालून बघा. निघाली ट्रेन.

वाशी_खाडीपूल
खोबरेल तेल चालेल का बोल्टला? घरात तेच आहे.

माजोरडं_बोकं
मावशी, ठाण्यात डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल गोठतं ना? बोल्टमध्येही गोठेल.

वाशी_खाडीपूल
अरे मी काका आहे. आणि बिडाच्या तव्याला तेच लावतो, गंज नाही.

कळवा_स्लो
तवा तापतो हो काका, बोल्ट नाही. पातळ मशीनचं तेल, एक थेंब, फडक्याने पुसून. आपल्या खाडीच्या हवेत पावसाळ्यात बाहेरून दर आठवड्याला पुसा. नळी मात्र उगाच घासू नका. .22 ची गोळी शिशाची, वर मेण. ते आतून बसलं की ग्रुप नीट येतो. सफाईनंतरचे पहिले पाचदहा राऊंड भलतीकडे जातात ते त्यामुळेच, त्यांच्यावरून साईट हलवू नका. रॉड चेंबरकडून घाला. नळीच्या तोंडाकडून घातलात तर कडा झिजते आणि मग रायफल खरंच वाकडी मारते.

शिळफाट्यावरून
रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबण्याचा सराव करणाऱ्यांसाठी: फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते, तिथे खड्डा पडतो, मग पुंगळी अडकते. सरावाला चेंबरमध्ये रिकामी पुंगळी ठेवा, दर वेळी थोडी फिरवून.

नुसती_वाचक
काही कळलं नाही पण वाचतेय. स्वप्नील कुसाळेची पण अशीच का?

खारटाण
कॅलिबर तेच, .22. 50 मीटरलाही एकेकच राऊंड भरतात. पॅरिसला 2024 मध्ये कांस्य त्यातच आलं. रायफल मात्र फार वेगळी, डायऑप्टर साईट (बारीक भोकातून बघायची), ट्रिगर अगदी हलका.

वाशी_खाडीपूल
तव्याला मग काय लावू?

माजोरडं_बोकं
खोबरेलच लावा काका.