नव्या घरातील बॉयलर, रेडिएटर आणि गरम पाण्याची टाकी : यंत्रणा समजून घेण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार,

आम्ही नुकत्याच विकत घेतलेल्या घरात गॅसवर चालणारा बॉयलर, प्रत्येक खोलीत रेडिएटर (आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारे पत्रे) आणि वरच्या मजल्यावरील कपाटात गरम पाण्याची उभी टाकी अशी व्यवस्था आहे. आधीच्या मालकांनी माहितीपुस्तिका ठेवलेली नाही. तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी यातले कोण कोणाला हुकूम देते एवढे तरी मला समजून घ्यायचे आहे. नाहीतर त्याला नेमके काय विचारावे हेही सुचणार नाही.

कपाटात पंपाजवळ, डोक्यावर चंदेरी डबी असलेले दोन व्हॉल्व्ह आहेत. एकाचा पाइप टाकीकडे जातो, दुसऱ्याचा रेडिएटरांकडे. टायमरवर घर तापवण्याच्या आणि पाणी तापवण्याच्या वेळा वेगवेगळ्या लावता येतात. एक थर्मोस्टॅट (ठरवलेले तापमान राखणारे उपकरण) बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहे आणि दुसरा टाकीच्या अंगाला, तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर, पट्ट्याने बांधलेला आहे. कपाटाबाहेर लाल दिव्याचा एक स्विचही आहे. तो कशाचा, हे उमगत नाही.

मुख्य अडचण अशी, की केवळ पाणी तापवण्याची वेळ चालू असतानाही सगळे रेडिएटर गरम होतात. शिवाय बॉयलरवरील दाबाचा काटा तापल्यावर जवळजवळ ३ बारपर्यंत चढतो आणि थंड झाल्यावर १ बारच्या बराच खाली येतो. टाकीचा थर्मोस्टॅट ५० अंशांवर आहे. गॅस वाचावा म्हणून तो तसाच ठेवावा का?

प्रतिसाद

आपण वर्णन इतके नेमके केले आहे की बरेचसे इथूनच सांगता येईल. टायमर फक्त परवानगी देतो. ती मिळाल्यावर खोलीचा किंवा टाकीचा थर्मोस्टॅट 'उष्णता हवी' अशी मागणी करतो, त्या मागणीने संबंधित व्हॉल्व्हची मोटर फिरते, आणि व्हॉल्व्ह उघडला की त्याच्या डबीतला एक छोटा स्विच दाबला जाऊन बॉयलर व पंप सुरू होतात. म्हणजे बॉयलरला खोलीची किंवा टाकीची काहीच खबर नसते; त्याला फक्त व्हॉल्व्हकडून निरोप येतो. दोष शोधताना म्हणूनच बॉयलरकडे न धावता आधी व्हॉल्व्हकडे पाहावे.

रेडिएटरांच्या व्हॉल्व्हच्या डबीला बाजूने एक लहानशी दांडी असेल. घर तापवणे बंद ठेवून ती हलक्या हाताने सरकवून पाहा. स्प्रिंगचा ताण जाणवला, तर व्हॉल्व्ह बंद स्थितीत आहे. तरीही त्याच्या पुढचा पाइप तापत असेल, तर आतला गोळा किंवा सील झिजलेले असण्याची शक्यता मोठी, आणि मग व्हॉल्व्ह बदलावा लागतो. दांडी सैल लागली, तर व्हॉल्व्ह उघडाच राहिला आहे. अशा वेळी ती खाचेत अडकवून ठेवलेली तर नाही, हे पाहा. यंत्रणेत पाणी भरताना ती मुद्दाम तशी अडकवतात आणि काम झाल्यावर सोडवायची राहून जाते.

दाबाचे लक्षण मात्र वेगळ्या भागाकडे बोट दाखवते. तापलेले पाणी फुगते, आणि ती वाढ सामावून घेण्यासाठी एक एक्स्पान्शन व्हेसल असते, ज्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असते. हवा निघून गेली की दाब झपाट्याने चढतो, ३ बारच्या आसपास सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून थोडे पाणी बाहेर सोडतो, आणि तेवढे पाणी कमी झाल्याने थंड झाल्यावर काटा खाली येतो. हे सोडलेले पाणी घराबाहेर भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या बारीक पाइपातून पडते; त्याचे तोंड ओले दिसते का, ते बघा. थंड असताना साधारण १ ते १.५ बार दाब असावा.

टाकीचा थर्मोस्टॅट ६० अंशांवर न्या. कोमट साठवलेल्या पाण्यात, विशेषतः २० ते ४५ अंशांत, फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. यात काटकसर करू नये. मात्र ६० अंशांचे पाणी भाजते, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर नळापाशी मिश्रण-व्हॉल्व्ह (गरम पाण्यात गार पाणी मिसळणारा) बसवून घ्या. लाल दिव्याचा स्विच बहुधा टाकीतील विजेच्या इमर्शन हीटरचा आहे. बॉयलर चालू असताना तो बंद ठेवा. नाहीतर तेच पाणी गॅस आणि वीज दोन्ही खर्चून तापेल.

बॉयलरचे कव्हर स्वतः उघडू नका, आणि जवळपास कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आजच लावा.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. दांडी खरोखरच खाचेत अडकवलेली होती. ती सोडवल्यापासून पाणी तापताना रेडिएटर गार राहतात. बाहेरच्या पाइपाखाली भिंतीवर पांढरट ओघळ दिसतो, म्हणून तंत्रज्ञाला व्हेसलमधील हवेचा दाब तपासायला सांगणार आहे. तो येईपर्यंत दाब कमी झाला की पाणी भरत राहिले, तर चालेल का?

प्रतिसाद

एखाद-दुसऱ्या वेळी चालेल. ती सवय होऊ देऊ नका. प्रत्येक वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि तो काळा गाळ तळाशी बसून खालचा भाग थंड राहू लागतो. भरून झाल्यावर भरण्याच्या जोडनळीचे दोन्ही कॉक घट्ट बंद आहेत ना, तेही पाहा. तंत्रज्ञ आल्यावर पाण्यात गंजरोधक द्रव घातले आहे का, हेही विचारून घ्या.